चाळीस बरण्या आणि एक नाक

आमच्या जाऊबाई तेहतीस वर्षं लाँड्रीच्या काउंटरवर उभ्या होत्या. धुण्याचं काम आत मशीन करायचं, इस्त्रीचं काम दोन भाऊ करायचे आणि वास घ्यायचं काम जाऊबाई करायच्या. पगारपत्रकावर असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण गिऱ्हाइकाने कोट पुढे केला की त्या तो काउंटरवर पसरायच्या, डाग शोधायच्या, डागाला नाक लावायच्या आणि चिठ्ठीवर लिहायच्या, कॉफी. किंवा शाई. किंवा खोकल्याचं औषध. गिऱ्हाईक म्हणायचं, छे हो, आमच्याकडे कोणी औषध घेत नाही. आठवड्याने त्याची आई तो कोट न्यायला यायची आणि हळूच विचारायची, तुम्हाला कसं कळलं?

डाग कशाचा ते कळलं की तो कसा काढायचा ते कळतं, इतकं साधं होतं ते. पण आमच्या रस्त्याने त्याचं स्तोम माजवलं. दूध नासलंय की काय अशी शंका आली की लोक पातेलं घेऊन लाँड्रीत यायचे. एकदा समोरच्या घड्याळवाल्यांकडे काहीतरी जळतंय हे सांगायला त्या रस्ता ओलांडून गेल्या, आणि खरोखरच भिंतीतली वायर तापलेली निघाली. तेव्हापासून घड्याळवाल्यांचा जाऊबाईंवर जेवढा विश्वास, तेवढा स्वतःच्या दुकानातल्या घड्याळांवरही नाही.

मी त्यांची धाकटी जाऊ. डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर लिहिते आणि रांगेतल्या माणसांवर खेकसते. खेकसणं माझ्या कामात नाही, ते मी आपणहून करते. खालच्या मजल्यावर आम्ही दोघं, वरच्या मजल्यावर जाऊबाई आणि मोठे भावजी, आणि स्वयंपाकघर मात्र दोघींत एकच, वरचं. एका स्वयंपाकघरात दोन जावा बावीस वर्षं नांदल्या म्हणजे दोघींपैकी एक तरी संत असणार असं लोक म्हणतात. ती मी नव्हे. जाऊबाई मला ठिणगी म्हणतात, आणि आता माहेरचे लोकही तेच म्हणायला लागलेत.

वर्ष संपत आलं, सुट्ट्या तोंडावर आल्या की जाऊबाई चाळीस बरण्या संत्र्याचा मुरंबा करतात आणि वाटतात. भावजी जिन्यात संत्र्यांची खोकी रचतात आणि खिडकीपाशी बसून सोलायला घेतात. साल अखंड उतरली पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि ती उतरली की ती उचलून आम्हाला दाखवायची ही त्यांची हौस. ते फारसं बोलत नाहीत. त्या दिवसांत तर अजिबातच नाही, कारण साल तुटते. जाऊबाई सालींच्या काड्या चिरतात, बिया पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात सोडतात, आणि मग मोठं पातेलं गॅसवर चढतं.

ते चढलं की दुपारभर उतरत नाही. वाफेने काचा भरतात, समोरचा रस्ता पुसला जातो, जाणारी-येणारी माणसं नुसते रंग होऊन सरकत राहतात. घड्याळवाल्यांची पाटी दिसत नाही, वेळ काय झाली ते कळत नाही. उजेडसुद्धा आत येईपर्यंत पिवळसर होतो. अशा वेळी ते स्वयंपाकघर आमच्या घराचं राहत नाही, कुठेतरी सुटून तरंगत असतं, आणि मी, जी दवाखान्यात दोन मिनिटं उशीर झालेल्या म्हातारीला सोडत नाही, ती तासनतास टेबलाशी बसून राहते आणि मला कुठेही जायचं नसतं. वर्षातले तेवढेच आठ-दहा दिवस मी बरी बाई असते.

माझं काम बांधाबांधीचं. गॅसपाशी मला बावीस वर्षांत फिरकू दिलेलं नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं, कारण बांधाबांधीत खरी मजा होती. लाँड्रीत लोक कपडे टाकून जातात आणि विसरतात. वर्षभर वाट बघून मालक ते जाऊबाईंना देऊन टाकायचे. कुणाचा फुलाफुलांचा झगा, कुणाचा रेघांचा सदरा, एका मुलीचा निळा ठिपक्यांचा फ्रॉक, जो तिला आता बसलाही नसता. त्यांचे चौकोन कापून मी बरणीच्या झाकणावर चढवते, दोऱ्याने आवळते, आणि लाँड्रीची जुनी नंबरची चिठ्ठी सेफ्टी पिनने टोचते. नावं लिहायची नाहीत. ज्याला त्याला आपला नंबर पाठ असतो. घड्याळवाले सतरा.

आणि एक नियम. बरणी परत आली पाहिजे, धुऊन. साधारण वसंतात येतात त्या, एकेक करून. जाऊबाईंचा मुरंबा लोक पुरवून पुरवून खातात.

मुरंबा झाला कधी हे ठरवायची जाऊबाईंची रीत एकच होती. थंड बशीवर थेंब टाकून बघणं नाही, चमचा नाही, घड्याळ नाही. त्या पाठमोऱ्या, काहीतरी दुसरंच करत असायच्या, भांडी पुसत असायच्या, आणि मध्येच फडकं खाली ठेवून म्हणायच्या, "झाला." आणि झालेला असायचा.

यंदा सुट्ट्यांच्या महिनाभर आधी आमच्या अख्ख्या घराला ताप आला. आधी मला, मग आमच्या ह्यांना, मग वर. सगळे उठलो, कामाला लागलो. जाऊबाई जरा गप्प झाल्या होत्या, पण तापानंतर माणूस गप्प होतंच. खिडक्या लावून घ्यायला लागल्या होत्या, पण थंडीही होती. घरात माणसं कमी नव्हती, लक्ष मात्र कोणाचंच नव्हतं.

सुट्टीत बाहेर जाणाऱ्यांच्या नऊ बरण्या नेहमी आधी होतात. त्या यंदाही झाल्या, दहावी घरातली. त्या दिवशी मी दवाखान्यात होते आणि माझं सर्दीने डोकं भरलेलं होतं. संध्याकाळी आले, बरण्या थंड होऊन रांगेत उभ्या होत्या, रंग जरा गडद वाटला. संत्री वेगळी असतील म्हटलं. टोप्या चढवल्या, चिठ्ठ्या टोचल्या, दुसऱ्या दिवशी पोचवल्या.

सहाव्या दिवशी दवाखान्यातून आले तर जाऊबाई टेबलाशी बसलेल्या. समोर पाच रिकाम्या बरण्या. धुतलेल्या, चकचकीत. कोणी जिन्यात ठेवून गेलं होतं, कोणी हातात देऊन गेलं होतं, सगळ्यांनी न चुकता म्हटलं होतं, फार छान झाला होता हं यंदा.

मी खूश. "बघा, लोकांनी बोटं चाटून खाल्लाय. पाच दिवसांत फडशा!"

"बस जरा," जाऊबाई म्हणाल्या. "ठिणगे, हा मुरंबा लोक वसंतापर्यंत पुरवतात. पाच दिवसांत बरणी रिकामी होते ती कशी होते? एक तर कचऱ्यात, नाहीतर बेसिनमध्ये."

घरातली दहावी बरणी त्यांनी पुढे सरकवली आणि चमचा दिला. सर्दी तोवर गेली होती. मी चमचा तोंडात घातला आणि मला खाली बघावं लागलं.

"बोल ना. एरवी तुझ्या तोंडाला कुलूप नसतं."

"करपलाय."

"किती?"

"चांगलाच."

त्यांनी मान हलवली, जणू हिशेब जुळला. मग पदराचा काठ बोटाला गुंडाळत, माझ्याकडे न बघता सांगितलं. ताप उतरला त्या सकाळपासून त्यांना वासच येत नव्हता. कशाचाच नाही. साबणाचा नाही, कॉफीचा नाही, गॅसचा नाही. जिभेला गोड कळायचं, आंबट कळायचं, कडू कळायचं थोडं, पण कशाचं गोड ते कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल, किंवा नाहीही येणार, सांगता येत नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मुरंब्याच्या दिवशी त्या नेहमीसारख्या पाठमोऱ्या उभ्या राहून वाट बघत होत्या. वास नाही आला, तरी ती 'झाला' म्हणायची वेळ आपोआप कळेल असं त्यांना वाटलं होतं. इतक्या वर्षांत अंगात भिनली असेल. ती भिनलेली नव्हती.

मला भयंकर राग आला. कोणावर ते समजेना, म्हणून मी भावजींकडे वळले. ते खिडकीपाशी पेपर वाचत होते.

"तुम्ही पाच दिवस रोज सकाळी पावाला लावून खाताय हा. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की," भावजी म्हणाले.

"मग बोलला का नाही?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "चाळीस वर्षांत हिच्या हातचं कधी बिघडलं नाही. मला वाटलं माझीच जीभ गेली."

एरवी मी हसले असते. जाऊबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, मोठं पातेलं उचललं, पुसलं, आणि भावजींना म्हणाल्या की हे माळ्यावर टाका, आणि जिन्यातली संत्री ज्याला हवी त्याला देऊन टाका, आता हे बंद. यंदापुरतं नाही. बंद. त्या हे अगदी सरळ आवाजात म्हणाल्या. लाँड्रीतून निवृत्त झाल्या तेव्हासुद्धा त्यांचा असा आवाज नव्हता, कारण तेव्हा घरी यायला काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी घड्याळवाल्यांकडे गेले. त्यांची सतरा नंबरची बरणी परत आली नव्हती, आणि ती मला काढून घ्यायची होती. दुकानात नेहमीसारखी शंभर घड्याळं आपापल्या मर्जीने टिकटिकत होती. बरणी काउंटरवरच होती. निम्मी संपलेली.

"तुम्ही हे खाताय?" मी विचारलं.

"रोज एक चमचा," ते म्हणाले. डोळ्यावरचं भिंग त्यांनी कपाळावर ढकललं. "खरं सांगू का? मी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. म्हटलं तोंडात काहीतरी बिघाड आहे, सगळं जळकं लागतंय. ते म्हणाले दात ठणठणीत आहेत. आता पोटाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"काका, मुरंबा करपलाय."

"असं नका म्हणू." ते खरोखर दुखावले. "त्यांचा मुरंबा करपेल कसा?"

मी सांगितलं. त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "त्यांना म्हणावं, मी संपवणार आहे ही. आणि तुम्ही मला हे सांगितलंत असं त्यांना सांगू नका." मी बरणी तिथेच ठेवली आणि निघाले. रस्ता ओलांडताना मला रडू यायला लागलं, आणि मला रडू आलं की मी चिडते, त्यामुळे घरी पोचेपर्यंत मी चांगली तापलेली होते.

वर गेले, माळ्यावरून पातेलं काढलं आणि गॅसवर आपटलं.

"मी तीन दिवस रजा टाकतेय," मी म्हणाले. "तुमचं नाक गेलंय. माझं आहे ना जागेवर?"

"तुझ्या नाकावर नुसता राग असतो," जाऊबाई म्हणाल्या.

"तो बाजूला करते. तुम्ही शिकवा."

"हे शिकवायचं नसतं गं."

"मग मी माझं माझं करते आणि तीसच्या तीस बरण्या करपवते आणि तुमचे नंबर टोचून वाटते."

जाऊबाईंना माहीत होतं की मी तसं करेन. त्यांनी पदराला नसलेली धूळ झटकली आणि स्टूल ओढून गॅसपाशी बसल्या.

पहिलं पातेलं फसलं. त्या विचारायच्या, "आता कसला वास येतोय?" आणि मी सांगायचे, "छान येतोय."

"छान हा वास नसतो. छान हा तुझा अभिप्राय आहे."

"बरं, संत्र्याचा येतोय."

"ते तुझे भावजीही सांगतील. तिसऱ्या मजल्यावरचा बहिरा माणूसही सांगेल."

मी म्हटलं आपल्याला तिसरा मजलाच नाही. त्या म्हणाल्या मुद्दा तो नाही. आमच्या ह्यांनी मधेच येऊन थर्मामीटर लावून बघा असं सुचवलं, त्यावर जाऊबाई म्हणाल्या की थर्मामीटर तापाला लावतात, आणि तापानेच हे सगळं केलंय, ते पुन्हा नको. हे खाली निघून गेले. पातेलं एकदम घट्ट झालं, पळी उभी राहायला लागली, आणि आम्ही ते टाकून दिलं. मला वाटलं आता संपलं.

पण त्यांनीच पुढची संत्री घेतली. "डोळे मीट," म्हणाल्या. "पातेल्याकडे बघू नकोस. मुरंब्याचा वास शोधू नकोस. नुसती उभी राहा, आणि काय आठवतंय ते सांग. चांगलं-वाईट बोलायचं नाही."

मी डोळे मिटले. मला वाटलं होतं मला वेड्यासारखं वाटेल, आणि वाटलंच. बंद डोळ्यांवर वाफ आली. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली, ती फार लांबून आल्यासारखी वाटली. पातेल्यात बुडबुडे येत होते आणि मला काहीच आठवत नव्हतं. मग आठवलं.

"पाऊस लागलेली लाकडी खुर्ची," मी म्हणाले. "बाहेर विसरलेली."

"साली शिजतायत अजून. पुढे."

"पुढे काही नाही."

"घाई नाही. साखर टाकते."

साखर पडल्याचा सुस्कारा ऐकू आला. बराच वेळ काही नाही. मग इस्त्री केलेल्या चादरीचा वास आला, ती अंगावर घेतली की पहिल्यांदा येतो तो. मी सांगितलं. मग आमच्या शाळेतलं कपाट, त्यातल्या नकाशांच्या गुंडाळ्या, त्या उघडताना येणारा. मग बराच वेळ उन्हात उभ्या असलेल्या बसमधली सीट. मी सांगत गेले. वाटेल ते. माझ्या वडिलांच्या दाढीचा ब्रश. नवी चप्पल. आजारी असताना कपाळावर ठेवलेला आईचा हात, धुतलेला. इतक्या गोष्टी माझ्या आत पडून होत्या हे मला ठाऊक नव्हतं. रांगेतल्या माणसांना ओरडताना मी हे सगळं बरोबर घेऊन ओरडत होते. मी कुठे उभी आहे हे मी विसरले, पाय जमिनीला लागतायत का हेही धड कळेना, फक्त जाऊबाईंचा आवाज बाजूला होता आणि तो म्हणत होता, पुढे, पुढे.

"आता..." मी म्हणाले, "आता दुपारी झोपून उठलेलं बाळ. मानेपाशी."

"बंद कर."

मी डोळे उघडले. "हाच? तुम्हालाही असाच यायचा?"

"मला कुठला बाळाचा यायला. मला काय यायचं ते मला सांगताच येत नाही." त्यांनी स्वतःच गॅस बंद केला. "तुझा आवाज खाली आला. बावीस वर्षांत तुझा आवाज इतका खाली आलेला मी ऐकला नव्हता. म्हटलं, हीच वेळ."

भावजींना चमचा दिला. त्यांनी तो खाल्ला, थोडं थांबले, उठून स्वतः दुसरा घेतला, आणि मग तिसरा. "आली," म्हणाले. "जीभ आली परत."

तीन दुपारी आम्ही तसंच केलं. मी डोळे मिटून बडबडायचे, जाऊबाई शब्द ऐकतच नसत, त्या नुसता आवाज ऐकायच्या. खूश असले की माझा आवाज चढतो, चिडले की चढतो, रडू आलं तरी चढतो. मुरंबा झाला की मात्र खाली येतो. हे मला स्वतःबद्दल माहीत नव्हतं आणि अजूनही फारसा विश्वास बसत नाही. एकदा मी मुद्दाम आवाज खाली आणून बघितला, त्यांना फसवायला. त्या म्हणाल्या, नाटकं करू नकोस, अजून दहा मिनिटं आहेत. होतीच.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीस बरण्या टेबलावर उभ्या होत्या, आणि करपलेल्यांच्या बदल्यातल्या नऊ वेगळ्या. त्यातली सतरा नंबरची दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्यांना पोचवली तेव्हा त्यांनी जुनीतला शेवटचा चमचा माझ्यासमोर संपवला आणि मगच नवी घेतली. त्या दुपारी मात्र आमच्या खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि बरण्यांतून टेबलावर पडून लाल-पिवळं होत होतं. भावजी खुर्चीतच डोळा लागून झोपले होते, हातात अर्धवट सोललेलं संत्रं. आम्ही दोघी टोप्या चढवत होतो. मी कापड धरायचे, त्या दोरा आवळायच्या. मला वाटत होतं ही दुपार अशीच चालू राहावी, बरण्या संपूच नयेत. 

"ठिणगे, एक विचारू?" जाऊबाई म्हणाल्या. हातातला दोरा तसाच.

"विचारा की."

"मुरंब्याचं काही नाही. तो झाला, लोक खातील, तुझे उपकार झाले." त्यांनी दोरा खाली ठेवला. "मला घराचा वासच येत नाही गं. सकाळी उठते, दार उघडते, आत येते, आणि कुठे आले तेच समजत नाही. दिसतं सगळं. भिंती दिसतात, तुम्ही दिसता. पण परक्या कुणाच्या घरात पाहुणी आल्यासारखी बसते मी. ह्यांच्या शेजारी झोपते तर कोण झोपलंय असं वाटतं. दोन-दोनदा अंघोळ करते, की आपल्याला वास येत असेल आणि आपल्यालाच समजत नसेल." त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या ते लपवत नव्हत्या. "तुझं नाक आता तयार झालंय. सांग मला. माझा कसला वास येतो?"

मी उठले. बावीस वर्षांत आम्ही गळाभेटी करणाऱ्या जावा नव्हतो, त्यामुळे मला जरा अवघडल्यासारखं झालं. त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, वाकले, त्यांच्या मानेपाशी नाक नेलं आणि डोळे मिटले. मला त्यांना काहीतरी सुंदर द्यायचं होतं. गेले तीन दिवस मला इतकं काय काय सुचत होतं. आता काहीतरी येईल म्हणून मी थांबले. श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"काय?" त्या म्हणाल्या.

"थांबा."

"ठिणगे, खोटं नको सांगू."

"मला काहीच येत नाहीये," मी म्हणाले. मला घाबरायला झालं. "लग्न होऊन आले तेव्हा यायचा. पहिल्या दिवशी तुम्ही मला जवळ घेतलंत तेव्हा कपड्यांच्या खळीचा आला होता, गरम इस्त्रीचा, अजून कसला तरी, आणि मला वाटलं होतं, बाई गं, ह्या वासात आता जन्म काढायचा. ते मला चांगलं आठवतंय. पण आता येत नाही. तुमचा नाही, भावजींचा नाही, घराचाही नाही. जाऊबाई, माझंपण नाक गेलं का हो?"

 मी वाकून बघितलं तर त्या माझ्याकडे बघत होत्या, काउंटरवर डाग सापडला की बघायच्या तशा.

"कधीपासून येत नाही?" त्यांनी विचारलं.

"कोण जाणे. बरीच वर्षं झाली असतील. लक्षात नाही आलं."

"लोक कोट आणून द्यायचे ना," त्या हळूहळू म्हणाल्या, "आणि म्हणायचे, ह्याला कसलाच वास नाही, नुसता डाग काढा. आणि मला तर त्यांचं अख्खं घर यायचं त्या कोटाला. कांदा काय, मांजर काय, म्हातारं माणूस काय. त्यांना यायचा नाही. स्वतःच्या घरचा वास कोणालाच येत नसतो गं. कोणालाच नाही. बाहेरच्यालाच येतो तेवढा."

त्यांनी माझा हात धरला आणि तो आपल्या खांद्यावर तसाच ठेवून घेतला. भावजी झोपेत काहीतरी पुटपुटले.

"म्हणजे तुलाही नाही येत," जाऊबाई म्हणाल्या.

"नाही."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाल्या, "मग ठीक आहे."